जगात राहायचे, पण जगाचे व्हायचे नाही : ख्रिस्ती ओळख, जात आणि आपण

जात प्रमाणपत्र, शिष्यवृत्ती, घरकुल अशा कामांसाठी वस्त्यांमध्ये फिरताना आम्हाला एका प्रकारची कुटुंबे हमखास भेटतात. मुलांच्या शाळेच्या दाखल्यावर 'हिंदू महार' किंवा 'हिंदू मांग' लिहिलेले असते, घरात येशूचे चित्र असते आणि रविवारी सगळे घर प्रार्थनेला जाते. धर्माबद्दल विचारले की आधी गप्प बसतात, मग कागदावर जे आहे तेच सांगतात. आपल्या कार्यकर्त्यांची यावर दोनच ठरलेली मते असतात. एक म्हणजे 'हे लोक दुटप्पी आहेत' आणि दुसरे म्हणजे 'मिशनऱ्यांच्या पैशाला भुलले'. ही दोन्ही मते ऐकायला सोपी आहेत आणि दोन्ही आळशी आहेत. कागदावर हिंदू आणि घरात बुद्धवंदना हा प्रकार आपल्याकडेही किती वर्षे चालला आणि अजून किती ठिकाणी चालतो, हे आपल्याला कुणी सांगायची गरज नाही.

ख्रिस्ती माणूस स्वतःला कोण समजतो आणि भोवतालच्या जगाशी आपले नाते काय मानतो, हे समजून घेतल्याशिवाय दलित ख्रिस्ती बांधवांचा प्रश्न कळत नाही. बाबासाहेबांनी ख्रिस्ती धर्माचा इतका बारकाईने विचार का केला आणि शेवटी तो का स्वीकारला नाही, हेही मग अर्धवटच कळते. म्हणून आधी थोडे धर्मशास्त्र पाहू.

योहानाच्या शुभवर्तमानात येशू पकडला जाण्यापूर्वीची एक प्रार्थना आहे. तिचा आशय असा, की माझे शिष्य या जगाचे नाहीत, पण त्यांना या जगातून काढून घे असे मी मागत नाही, वाईटापासून त्यांना सांभाळ एवढेच मागतो. ख्रिस्ती माणसाची जगाकडे पाहण्याची सगळी ओढाताण या प्रार्थनेत आहे. गंमत म्हणजे 'जग' या शब्दाला तिथे दोन अर्थ आहेत. देवाने निर्माण केलेले आणि देवाचे प्रेम असलेले हे जग हा एक अर्थ. सत्ता, संपत्ती आणि मानमरातब यांवर उभी असलेली, देवाच्या विरोधात गेलेली व्यवस्था हा दुसरा. पहिल्या जगावर प्रेम करायचे आणि दुसऱ्याला शरण जायचे नाही, अशी अपेक्षा आहे. प्रत्यक्षात मात्र जगातली नेमकी कोणती गोष्ट पहिल्या खात्यात टाकायची आणि कोणती दुसऱ्या, यावरून दोन हजार वर्षे भांडण चालू आहे. जातीचा प्रश्न याच भांडणात अडकला.

पौलाच्या पत्रांत ही अडचण उघड दिसते. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो, की ख्रिस्तात यहुदी आणि ग्रीक, दास आणि स्वतंत्र, स्त्री आणि पुरुष हा भेद उरत नाही. माणसामाणसातली भिंत पाडणारे इतके स्पष्ट विधान त्या काळी क्वचितच कुणी केले असेल. पण हाच पौल करिंथकरांस लिहिताना सांगतो, की ज्याला ज्या स्थितीत बोलावणे आले त्याने त्याच स्थितीत राहावे, आणि त्यात तो दासाचेही उदाहरण घेतो. हे जग लवकरच संपणार अशी त्या पिढीची समजूत होती. घर पडणारच असेल तर भिंतीला रंग कशाला द्यायचा, असा तो हिशेब. जग संपले नाही. सल्ला मात्र राहिला, आणि पुढे तो मालकांच्या सोयीचा झाला.

सोयीचा कसा, ते अमेरिकेत पाहता येते. १६६७ साली व्हर्जिनिया वसाहतीच्या विधिमंडळाने कायदा केला, की बाप्तिस्मा घेतल्याने गुलामाच्या गुलामीत काही फरक पडणार नाही. आत्मा मुक्त झाला, पण शरीर मालकाचेच. युरोपातही हेच घडले होते. १५२५ मध्ये जर्मन शेतकऱ्यांनी बारा मागण्यांचे पत्रक काढले. त्यात एक मागणी अशी होती, की ख्रिस्ताने सर्वांना सारखेच मुक्त केले आहे, म्हणून आम्हाला कुणाचे बांधील ठेवू नका. पोपच्या सत्तेला आव्हान देणारा मार्टिन ल्यूथर या शेतकऱ्यांच्या बाजूने उभा राहिला नाही. ख्रिस्ती स्वातंत्र्य आत्म्याचे असते, त्याला देहाचे स्वातंत्र्य करू नका, असे त्याने त्यांना सुनावले, आणि बंड पेटल्यावर ते चिरडून टाकायला राजेरजवाड्यांना सांगितले. समाजशास्त्राच्या वर्गात ल्यूथर शिकताना भांडवलशाही आणि वेबर यांवरच सगळा भर असतो. हे शेतकरी तळटीपेत जातात.

जात 'जगाच्या' खात्यात कशी गेली

आता भारतात येऊ. १६०६ मध्ये रॉबर्टो दे नोबिली हा इटालियन जेझुइट धर्मगुरू मदुराईला आला. तिथे आधी झालेले ख्रिस्ती बहुतेक किनाऱ्यावरच्या परवर या मासेमार जातीतले होते आणि पोर्तुगीजांशी जोडलेले असल्याने सवर्ण त्यांना 'परंगी' म्हणून हिणवत. नोबिलीने ठरवले, की ब्राह्मणांपर्यंत पोहोचायचे तर ब्राह्मणासारखे राहायचे. त्याने संन्याशाची वस्त्रे घातली, मांस सोडले, संस्कृत आणि तमिळ शिकला, आणि जुन्या ख्रिस्ती लोकांपासून अंतर ठेवून राहू लागला. त्याच्याकडून धर्म स्वीकारणारे ब्राह्मण जानवे घालत, शेंडी ठेवत, गंध लावत. तक्रारी रोमपर्यंत गेल्या. नोबिलीचा बचाव असा होता, की जानवे आणि शेंडी या धार्मिक खुणा नाहीत, त्या सामाजिक दर्जाच्या खुणा आहेत. माणसाने ख्रिस्ती होण्यासाठी मूर्तिपूजा सोडावी, आपला सामाजिक दर्जा सोडण्याचे कारण नाही. १६२३ मध्ये पोप पंधरावा ग्रेगरी याने हा युक्तिवाद मान्य करून तशी परवानगी दिली.

आमच्या मते भारतीय ख्रिस्ती इतिहासातला हा सर्वांत महागात पडलेला निर्णय आहे. नोबिली वाईट माणूस होता असे नाही. परक्या देशातल्या माणसाने इथली भाषा, इथला पोशाख, इथली विचारपद्धती समजून घेतली, हे त्याचे मोठेपणच आहे. पण जात ही धर्माची बाब नसून 'जगाची' बाब आहे असे एकदा ठरले, की चर्चला तिच्याशी भांडण्याचे कारण उरत नाही. पुढे याच मिशनमध्ये ब्राह्मणांसाठी वेगळे आणि खालच्या मानलेल्या जातींसाठी वेगळे धर्मगुरू नेमण्याची पद्धत आली. तमिळनाडूत एकाच चर्चमध्ये जातींसाठी वेगळ्या बसण्याच्या जागा आल्या, दफनभूमीत भिंती आल्या. वडक्कनकुलम इथल्या चर्चची तर बांधणीच दोन बाजूंची होती, एका बाजूला वेल्लाळ आणि दुसऱ्या बाजूला नाडर बसत, मध्ये भिंत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती पाडली, तेव्हा मोठा वाद झाला.

प्रोटेस्टंट मिशनऱ्यांमध्ये काहींनी वेगळी भूमिका घेतली, हेही नोंदवले पाहिजे. १८३३ मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी दक्षिणेतल्या चर्चना पत्र पाठवून जात तत्काळ आणि कायमची सोडण्याचा आदेश दिला. त्यावर अनेक वेल्लाळ ख्रिस्ती कुटुंबे चर्च सोडून गेली. येशू सोडला तरी चालेल, पण परयाच्या शेजारी बसून प्रभुभोजन घेणार नाही, असा तो बाणा. जर्मन लायपझिग मिशनने मात्र जातीबाबत सौम्य धोरण ठेवले आणि नाराज मंडळींपैकी काही तिकडे गेली. चर्च बदलून जात सांभाळण्याची सोय झाली.

महाराष्ट्रातले चित्र थोडे निराळे आहे. अहमदनगरला १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशनचे काम सुरू झाले, आणि त्या भागात ख्रिस्ती झालेल्यांमध्ये फार मोठा वाटा महारांचा आणि काही प्रमाणात मांगांचा होता. शाळा, दवाखाना, वाचता येणारे आईबाप हे त्या लोकांना मिळाले, आणि ते कमी नव्हते. पण मराठी ख्रिस्ती म्हटले की आपल्याला आठवतात ते बाबा पदमनजी, पंडिता रमाबाई, नारायण वामन टिळक. ही माणसे मोठीच होती. टिळकांनी आयुष्याच्या शेवटी मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' काढला आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा ठेवली. ख्रिस्ती व्हायचे तर भारतीयपण सोडावे लागते का, हा त्यांचा प्रश्न होता. नगर जिल्ह्यातल्या महार ख्रिस्ती माणसाचा प्रश्न हा नव्हताच. त्याला कुणी भारतीय नाही असे म्हणत नव्हते, त्याला महार म्हणत होते, बाप्तिस्म्यानंतरही. एकाच धर्मात आलेल्या दोन माणसांपुढे 'जग' किती वेगळ्या रूपात उभे राहते, याचे हे उदाहरण आहे.

बाबासाहेबांची हरकत

१ जानेवारी १९३८ रोजी सोलापुरात बाबासाहेब ख्रिस्ती लोकांच्या सभेत बोलले. धर्मांतराची घोषणा होऊन तेव्हा दोन वर्षे उलटली होती आणि सर्व धर्मांचे लोक त्यांच्याकडे डोळे लावून होते. त्या भाषणात त्यांनी बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तिमत्त्वांविषयी आदर व्यक्त केला. पण त्याच वेळी दक्षिणेतल्या चर्चमध्ये जात पाळली जाते हे तोंडावर सांगितले, आणि ख्रिस्ती समाज राजकीय हक्कांच्या बाबतीत मागे राहिला आहे, याचीही जाणीव करून दिली. पाहुणा म्हणून बोलावल्यावर गोड बोलून परतण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता.

याहून खोल हरकत त्यांच्या इंग्रजी लेखांत आहे. धर्मांतरित ख्रिस्ती माणसाच्या स्थितीविषयीचा त्यांचा लेख महाराष्ट्र शासनाने काढलेल्या ग्रंथमालेच्या पाचव्या खंडात आहे. आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याने तो वाचावा. त्यातला मुद्दा थोडक्यात असा. अस्पृश्य माणूस ख्रिस्ती होतो, तेव्हा त्याला आदिपापाची शिकवण मिळते. माणसाचे पतन त्याच्या पापामुळे झाले, आणि तारण येशूवरच्या विश्वासाने होते. पण या माणसाची दुर्दशा त्याच्या पापामुळे झालेली नसते. ती भोवतालच्या समाजव्यवस्थेने, माणसांनी माणसांवर केलेल्या अन्यायाने झालेली असते. ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच 'तू पापी आहेस, पश्चात्ताप कर' असे सांगितले, तर अन्यायाविरुद्ध उभे राहण्याची त्याची ताकद कुठून येणार? त्याचे लक्ष परिस्थितीवरून उठून स्वतःच्या आत्म्यावर जाते. बाबासाहेबांच्या मते भारतीय ख्रिस्ती समाज सामाजिक अन्यायाविरुद्ध समूह म्हणून लढला नाही, त्याचे एक कारण या शिकवणीत आहे.

ही टीका वाचून आपल्यातल्या काहींना आनंद होतो. त्यांनी पुढचेही वाचावे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी हीच कसोटी बौद्ध परंपरेलाही लावली आहे. चार आर्यसत्ये ज्या रूपात सांगितली जातात त्यातून धम्म निराशावादी ठरतो का, कर्म आणि पुनर्जन्म यांचा अर्थ काय, भिक्खू हा स्वतः परिपूर्ण होऊ पाहणारा माणूस आहे की समाजसेवक, हे त्यांचे प्रश्न आहेत. भिक्खू केवळ परिपूर्ण पुरुष राहिला तर धम्मप्रसाराला त्याचा उपयोग नाही, असे ते स्पष्ट म्हणतात. माणसाचे दुःख त्याच्या मागच्या जन्मीच्या कर्माने आले असे सांगणे आणि ते त्याच्या पापाने आले असे सांगणे, यात पीडिताच्या दृष्टीने फार फरक नाही. दोन्हीत गावचा पाटील सुटतो.

म्हणून बाबासाहेबांनी धम्माची व्याख्याच अशी केली, की धम्म सामाजिक आहे. एकट्या माणसाला धम्माची गरज नाही, दोन माणसे एकमेकांशी संबंध ठेवून राहू लागली की धम्माशिवाय चालत नाही. २२ प्रतिज्ञांमध्येही नववी प्रतिज्ञा सर्व माणसे समान मानण्याची आणि दहावी समता प्रस्थापित करण्यासाठी झटण्याची आहे. नोबिलीने धर्म आणि समाज यांत जी रेघ ओढली, ती इथे पुसलेली आहे. आपल्याकडे जातिअंत हे काम दीक्षेत आधीच बसवलेले आहे, आणि म्हणून आपल्यातल्या पोटजातीच्या बौद्धाला मुलगी द्यायला नकार देणारा गृहस्थ स्वतःच्या दीक्षेविरुद्ध वागतो, त्याला 'हा आमचा सामाजिक मामला आहे' म्हणण्याची सोय नाही. तो तसे म्हणतो, ही गोष्ट वेगळी.

ख्रिस्ती धर्माच्या आतूनही ही रेघ पुसायचा प्रयत्न झाला आहे. अमेरिकेत मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून गोऱ्या धर्मगुरूंना पत्र लिहिले आणि न्यायाचा प्रश्न आला की परलोकाच्या गोष्टी करणाऱ्या चर्चना जाब विचारला. लॅटिन अमेरिकेत मुक्तीच्या धर्मशास्त्राने गरिबांची बाजू घेतली. आपल्याकडे अरविंद निर्मळ या मराठी धर्मपंडितांनी १९८० च्या दशकात दलित धर्मशास्त्राची मांडणी सुरू केली. भारतीय ख्रिस्ती धर्मशास्त्र ब्राह्मणी तत्त्वज्ञानाशी संवाद करण्यात रमले आणि ज्यांच्यामुळे चर्च भरते त्यांचा अनुभव बाहेर राहिला, ही त्यांची तक्रार होती. येशू स्वतः बहिष्कृत होता, असे त्यांनी म्हटले. २०१६ मध्ये कॅथॉलिक बिशपांच्या राष्ट्रीय परिषदेने दलित सक्षमीकरणाचे धोरण काढून चर्चमध्ये अस्पृश्यता आहे, हे लेखी मान्य केले. २०२२ मध्ये हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला हे पहिले दलित कार्डिनल झाले. नोबिलीपासून मोजले तर चारशे वर्षांनी.

कायद्याला दिसणारा ख्रिस्ती

हा सगळा वाद आत्म्याचा आणि जगाचा राहिला असता, तर आम्ही या लेखाची तसदी घेतली नसती. पण राज्यसंस्थेनेही यात आपली रेघ ओढली आहे. १० ऑगस्ट १९५० च्या अनुसूचित जाती आदेशातल्या तिसऱ्या परिच्छेदाने हिंदू धर्माखेरीज अन्य धर्म मानणाऱ्याला अनुसूचित जातीचा सदस्य मानायचे नाही असे ठरवले, फक्त पंजाबातल्या चार शीख जातींचा अपवाद केला. १९५६ मध्ये सर्व शीख दलितांचा त्यात समावेश झाला. आपला समावेश व्हायला १९९० उजाडले. म्हणजे नागपूरच्या दीक्षेनंतर ३४ वर्षे केंद्राच्या लेखी बौद्ध माणूस अनुसूचित जातीचा नव्हता. महाराष्ट्राने राज्याच्या सवलती दिल्या, पण केंद्राच्या नोकरीसाठी आपल्या वडीलधाऱ्यांना काय लपवावे लागले, ते घरोघरी विचारा.

ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित अजून त्याच जागी आहेत. १९८५ चा सूसाई खटला पाहा. मद्रासमध्ये रस्त्याकडेला बसून चप्पल शिवणारा हा आदि-द्रविड ख्रिस्ती. सरकारने चर्मकारांना टपऱ्या दिल्या, याला मिळाली नाही, कारण तो हिंदू नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की धर्मांतरानंतर जात टिकते एवढे दाखवून भागत नाही, नव्या धर्मातही तितकाच जाच होतो हे सिद्ध करावे लागेल. २०१५ च्या के. पी. मनू प्रकरणात त्याच न्यायालयाने मान्य केले, की धर्मांतरितांचा वंशज हिंदू धर्मात परतला आणि जातीने त्याला स्वीकारले, तर अनुसूचित जातीचा दर्जा परत मिळू शकतो. म्हणजे जात बाप्तिस्म्याने झोपते आणि घरवापसीने जागी होते. २०२५ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने एका पाळकाच्या तक्रारीवरचा अ‍ॅट्रॉसिटीचा गुन्हा रद्द केला, कारण फिर्यादी ख्रिस्ती आहे. मारणाऱ्याने जात बघितली होती, कायद्याने धर्म बघितला.

दलित ख्रिस्ती माणसाला चर्चमध्ये सांगितले गेले की जात जगाची आहे, चर्चची नव्हे. सरकार सांगते की जात हिंदूंची आहे, ख्रिस्त्यांची नव्हे. गावात मात्र त्याचे घर जिथे होते तिथेच आहे. मग तो कागदावर हिंदू राहतो, आणि आपण त्याला दुटप्पी म्हणतो.

यावर आपल्या कार्यकर्त्यांची एक खरी काळजी आहे आणि ती झटकून टाकू नये. जागा तेवढ्याच आणि वाटेकरी वाढले तर काय? रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये तिसरा परिच्छेद काढून टाकण्याची शिफारस केली, तेव्हा आयोगाच्या सदस्य सचिवांनीच भिन्नमत नोंदवले होते. मिशनच्या शाळांमुळे काही भागांत ख्रिस्ती दलित शिक्षणात पुढे आहेत, हा मुद्दाही मांडला जातो. यावर वाटा वाढवणे, स्वतंत्र उपवर्ग करणे असे मार्ग आहेत. आंध्रात अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांसाठी मागासवर्गाच्या यादीत १ टक्क्याचा वेगळा गट पूर्वीपासून आहे. मात्र अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या संरक्षणाला जागांचे गणित लागू होत नाही. ते ख्रिस्ती दलिताला दिल्याने कुणाच्या मुलाची एकही जागा कमी होत नाही. निदान या एका मागणीवर आपल्या संघटनांनी त्यांच्याबरोबर सही करायला हरकत काय, हे आम्हाला अजून कुणी पटवून दिलेले नाही.

आणि 'तुमच्या धर्मात जात नाही ना, मग सवलत कशाला?' हा प्रश्न आपण तरी विचारू नये. १९९० पूर्वी तो आपल्याला विचारला जात होता. न्या. बालकृष्णन आयोग २०२२ मध्ये नेमला गेला आणि त्याला मुदतवाढ मिळत गेली. तिसऱ्या परिच्छेदाला आव्हान देणारी सर्वोच्च न्यायालयातली याचिका २००४ सालची आहे. ती दाखल झाली त्या वर्षी जन्मलेली मुले आता पदवीधर होऊन जात प्रमाणपत्राच्या रांगेत उभी आहेत, आणि अर्जातल्या धर्माच्या रकान्यापाशी आले की आमच्याकडे बघतात.